चौदाशे चाळीस

सत्तर मिलिमीटरची दुर्बीण,
भुसावळच्या चष्मेवाल्याकडून, अर्ध्या किमतीत,
तिपाईचा एक पाय आधीच ढिला.
तो मी वाइंडिंगच्या सुतळीने आवळला,
वरून वॉर्निश मारलं,
म्हटलं, आता हलून दाखव.

दुकान खाली, गच्ची वर.
सावद्यात चैत्र म्हणजे माझा हंगाम.
केळीचं पाणी तोडून चालत नाही
आणि मोटरी एकामागून एक जळतात.
नखांत दिवसभर करपलेल्या तांब्याचा वास.
साडेनऊला गल्लीची लाइट जाते,
लोक वीज कंपनीचा उद्धार करतात,
मी जिना चढतो.

पहिले चार दिवस दिसली
फक्त नगरपालिकेची टाकी, उलटी,
तिच्यावर उलटा बसलेला पिंगळा.
गुरू तर नुसत्या डोळ्यांनाही ढळढळीत,
नळीत मात्र काळोख.
उजवीकडे ढकलावं तर डावीकडे पळे.

पाचव्या रात्री घावला,
आणि उकळत होता.
कढईतल्या पुरीसारखा फुगत, थरथरत.
वाटलं, भिंगच गेलं.
मग चप्पल काढली आणि तळव्यांना कळलं:
दिवसभर गिळलेलं ऊन
सिमेंट आत्ता ओकत होतं,
माझ्या आणि त्याच्या मधे.

दोन बादल्या पाणी मारलं. थांबलो.
अकरा वाजून गेल्यावर
सातपुड्याकडून काहीतरी गार खाली उतरलं असावं,
कारण एकाएकी तो थांबला.
हरभऱ्याएवढा, अंगानं जरा चपटा,
दोन फिक्या पट्ट्या,
आणि शेजारी एका ओळीत चार ठिपके,
गवंड्यानं दोरी धरल्यासारखे.

हाताशी बिलबुक होतं, त्यावरच काढलं.
खाली कार्बन आहे, विसरलो.

सकाळी चिनावलचा उखर्डू भंगाळे बिल धरून उभा.
"साडेसात एचपी, तांबं, बेअरिंग दोन, समजलं.
हे चार ठिपके कायचे? याचेबी पैसे लावले का?"
म्हटलं, ते फुकट.

रात्री तो आला. डोळा लावला.
बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, "तीनच हायेत."
मी पाहिलं. तीनच होते.
"एक कोठी गेला?"
मागे गेला असेल. किंवा पुढे आला असेल.
मला ठाऊक नव्हतं, हे त्यानं ओळखलं,
तरी मोटरीची गॅरंटी पुन्हा विचारली नाही.
"शनीबी दिसतो का याच्यात?"
दोन वाजता उगवतो, थांब.
"राहू दे मंग. तो लांबूनच बरा."

तो गेल्यावर मोठं दाखवणारं भिंग लावलं.
गुरू कडेनं आला, मधोमध आला, निघून गेला.
पुन्हा आणला. पुन्हा गेला.
तिपाई तपासली, ती पक्की होती.

तेव्हा लक्षात आलं, सरकत होतो मी.
मी, ही गच्ची, खाली बाकावर
पोट उघडून पडलेल्या पाच मोटरी,
केळी भरून दिल्लीला निघालेले ट्रक,
सगळा माल एका शाफ्टवर.

मी बांधलेली चार पोलची मोटर
मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे घेते,
तसं पट्टीवर लिहिलेलंच असतं.
आणि हिला एका फेऱ्याला लागतात
चौदाशे चाळीस मिनिटं.
चोवीस गुणिले साठ.
बिलबुकावर तीनदा मांडून पाहिलं.
याही वेळी कार्बन काढायचा राहिला.

बेअरिंग तपासायची आमची रीत साधी:
पेचकसाचं टोक मोटरीवर, मूठ कानाला.
गेलेलं बेअरिंग आतून दळण दळतं.
आजूबाजूला कुणी नाही बघून
मी गुडघे टेकले,
टोक सिमेंटवर, मूठ कानाला.

टाकीत एक थेंब पडला.
त्याच्या खाली काही नाही.
घरघर नाही, खरखर नाही.
तीस वर्षांत असं बेअरिंग हाताखालून गेलं नाही,
आणि ग्रीस कुणी, कधी भरलं
विचारायला कंपनीचं नावही नाही.

"काय पाहू राहिला रे खाली?"
पलीकडच्या गच्चीवरून द्वारकामावशी.
"तारे तं वर हायेत!"

उत्तर सुचायच्या आत लाइट आली.
गल्लीतले सगळे पंखे एकदम फिरू लागले.
तिसऱ्या घरचा अडखळत होता,
कपॅसिटर बदलायला झालाय.
उद्या सांगायला हवं.